निऑन जेनेसिस इव्हँगेलियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका पाहायला घेण्याआधी लोक प्रश्न विचारतात, आणि पाहून संपली की दुप्पट विचारतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात तेवढेच इथे घेतले आहेत. पहिल्या दहा उत्तरांत कथेचं गुपित फुटत नाही. अकरापासून फुटतं. मालिका पाहिली नसेल तर दहाव्या उत्तराला थांबा, अगदी मनापासून सांगतो.

१. गोष्ट थोडक्यात काय आहे?

१९९५ साली आलेली ही मालिका २०१५ सालात घडते. त्याआधी पंधरा वर्षं, म्हणजे २००० साली, अंटार्क्टिकात एक महाभयंकर स्फोट झालेला आहे. त्याला 'सेकंड इम्पॅक्ट' म्हणतात. समुद्र चढला, जगातली निम्मी माणसं गेली, आणि जपानमध्ये तेव्हापासून बारा महिने उन्हाळा आहे. मालिकाभर सिकाडा किड्यांची किरकिर ऐकू येते ती म्हणूनच. हाकोनेच्या डोंगरांत 'टोकियो-३' नावाचं शहर वसवलंय आणि त्याच्यावर 'शितो' नावाचे अवाढव्य जीव एकामागून एक चालून येतात. त्यांना तोंड देऊ शकतात ती फक्त 'एव्हा' नावाची महाकाय यंत्रं, आणि ती चालवू शकतात फक्त काही चौदा वर्षांची मुलं.

त्यातला एक शिंजी इकारी. वडिलांनी, गेन्दो इकारींनी, त्याला लहानपणीच दुसऱ्यांकडे ठेवलेलं. आता अचानक बोलावणं येतं. तो जातो, तर वडील एव्हाकडे बोट दाखवून म्हणतात, बस आत. त्यांना मुलगा नको होता, चालक हवा होता.

२. कोणी बनवली? किती भाग आहेत?

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, स्टुडिओ गाइनॅक्स. टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात २६ भाग दाखवले गेले. पात्रांची रेखाटनं योशियुकी सादामोतोंची, संगीत शिरो सागिसूंचं. मालिका सुरू होण्याआधी आन्नोंनी स्वतःच लिहिलं होतं की चार वर्षं आपल्या हातून काहीच झालं नाही, आपण मोडून पडलो होतो. हे माहीत असलं की मालिकेतली बरीच शांतता कळते.

३. कुठून सुरुवात करू? क्रम काय?

आधी २६ भाग. मग 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' हा १९ जुलै १९९७ चा चित्रपट. त्यानंतर थोडे दिवस जाऊ द्या, आणि मग नवे चार चित्रपट: २००७, २००९, २०१२ आणि २०२१. नव्या चित्रपटांपासून सुरुवात करू नका. पहिला चित्रपट जुन्या मालिकेसारखाच वाटतो खरा, पण चौथ्याचं सगळं बळ तुम्ही जुनं पाहिलंय या गोष्टीवर उभं आहे (प्रश्न १९ पाहा).

मार्च १९९७ मध्ये आलेला 'डेथ अँड रीबर्थ' सोडून दिलात तरी चालेल. त्यात पहिल्या २४ भागांचा गोषवारा आणि पुढच्या चित्रपटाचा अर्धवट तुकडा आहे.

४. इव्हँ'जे'लियन की इव्हँ'गे'लियन? आणि ही नावं म्हणायची कशी?

जपानीत 'गे' आहे, गवतातल्या 'ग'सारखा. नावांच्या बाबतीत मराठी माणसाची सोय आहे. 'कात्सुरागी' आणि 'फुयुत्सुकी' या नावांतला 'त्सु' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चूल'मधला 'चू'. 'चार'मधला नव्हे, 'चूल'मधला. तो आपल्या जिभेवर मुळातच आहे. 'असुका' (हीसुद्धा एक चालक मुलगी) म्हणताना मधला 'सु' गिळला जातो, 'आस्का' असं ऐकू येतं. 'काओरू' इंग्रजीत 'डब्ल्यू' घालून लिहितात, पण तो उच्चारायचा नाही.

बरीचशी आडनावं दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी जहाजांची आहेत: आकागी, कात्सुरागी आणि सोऱ्यू या विमानवाहू नौका, आयानामी ही विनाशिका.

५. जपानी आवाजात पाहू की इंग्रजी?

जपानी. शिंजीचा आवाज मेगुमी ओगाता या बाईंचा आहे, आणि तो घसा फाटेपर्यंत ओरडतो तेव्हा दुसऱ्या कुठल्याही भाषेत तसं ओरडणं मी ऐकलेलं नाही.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. खालची इंग्रजी ओळ वाचताना कान उघडे ठेवा, कारण अनेक ठिकाणी जपानी वाक्य मराठीत जास्त सरळ उतरतं. दुसऱ्या भागात मिसातो, म्हणजे एव्हांच्या लढाया आखणारी अधिकारी, शिंजीला आपल्या घरी राहायला आणते. तो दारातच अवघडून उभा राहतो आणि पाहुण्यासारखं, 'त्रास देतोय, माफ करा' या अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. ती म्हणते, अरे, हे तुझं घर आहे आता. तो घुटमळतो, उंबरा ओलांडतो आणि हळूच म्हणतो, 'तादाइमा'. इंग्रजीत याचं 'मी घरी आहे' असं कोरडं विधान होतं. आपल्याकडे संध्याकाळी चपला काढता काढता आत ओरडून सांगतात ते 'आलो!' म्हणजे तादाइमा. आणि आतून येणारं 'आलास? ये' म्हणजे मिसातोचं 'ओकाएरी'. ज्या मुलाला 'आलो' म्हणायला कित्येक वर्षांत दारच नव्हतं, त्याचा तो पहिला 'आलो' आहे. सगळ्या मारामाऱ्या बाजूला ठेवल्या तर मालिका मला या दारातच दिसते.

६. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, कार्टून म्हणून तिला लावून देऊ का?

नको. सोळाच्या आसपास, आणि शक्यतो सोबत बसून. रक्तपात आहे, आत्महत्येचे उल्लेख आहेत, आईवडिलांचे मृत्यू अगदी जवळून दाखवले आहेत. १९९७ च्या चित्रपटाची सुरुवातच रुग्णालयातल्या एका लैंगिक प्रसंगाने होते आणि तो मोठ्यांनाही झेपत नाही. शिवाय मालिकेतला कॅमेरा चौदा वर्षांच्या मुलींकडे काही वेळा ज्या नजरेने पाहतो ती मला तेव्हाही खटकली, आजही खटकते. कलाकृती मोठी आहे म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

मोठ्यांसाठीही एक सांगणं: मन खचलेलं असेल त्या आठवड्यात शेवटचे सहा भाग सलग पाहू नका.

७. आधी माझिंगर, गुंडम वगैरे पाहिलं पाहिजे का?

गरज नाही. एवढं माहीत असलं तरी पुरे: १९७२ च्या 'माझिंगर झेड' या रोबो मालिकेत मुलगा यंत्राच्या डोक्यात बसून ते चालवतो आणि जिंकतो. १९७९ च्या 'गुंडम'मध्ये योशियुकी तोमिनोंनी त्या मुलाला खऱ्या युद्धात उतरवलं, तिथे समोरचाही माणूसच असतो. इव्हँगेलियन त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: या मुलाला यंत्रात बसवलं कोणी, आणि त्याला विचारलं होतं का?

८. लढायला चौदा वर्षांची मुलंच का? सैन्य कुठे गेलं?

सैन्य आहे. पहिल्याच भागात ते असलेला सगळा दारूगोळा ओतून पाहतं आणि शितोला ओरखडाही येत नाही. शितोंभोवती 'ए.टी. फील्ड' नावाचं अदृश्य कवच असतं आणि ते भेदायला दुसरं ए.टी. फील्डच लागतं. ते फक्त एव्हाकडे आहे. एव्हा मुलांचंच का ऐकतं, याचं खरं उत्तर ११ व्या प्रश्नात आहे.

९. एवढं मोठं यंत्र, आणि पाठीला वायर?

हो, आणि मला ही मालिकेतली सगळ्यात हुशार कल्पना वाटते. एव्हाला वीज बाहेरून केबलने मिळते. केबल तुटली की आतल्या बॅटरीवर जपून वापरलं तर पाच मिनिटं, पूर्ण ताकदीने एक मिनिट. म्हणजे प्रत्येक लढाईला घड्याळ लागलेलं असतं, आणि प्रत्येक लढाईमागे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि घामाघूम झालेले कर्मचारी दिसतात.

याचा कळस सहाव्या भागात आहे. रामिएल नावाचा निळा अष्टफलक टोकियो-३ वर येऊन थांबतो आणि जवळ येणारं सगळं दुरूनच जाळतो. मिसातो ठरवते की त्याच्या टप्प्याबाहेरून, फुतागो डोंगरावरून, एका प्रचंड पॉझिट्रॉन रायफलीने वार करायचा. त्याला लागणार १८ कोटी किलोवॅट, म्हणजे अख्ख्या जपानची वीज. मग एकेका प्रदेशातले दिवे विझत जातात आणि नकाशा काळा होतो. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे दृश्य वेगळंच भिडतं. आपल्याकडची वीज दुसऱ्या कुणासाठी चालली आहे, हे अंधारात बसून अनुभवलेलं असतं.

या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन याशिमा'. बाराव्या शतकातल्या याशिमाच्या लढाईत नासु नो योइची या धनुर्धराने दूरच्या नावेवरचा पंखा एका बाणात पाडला, त्यावरून ते घेतलंय. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, वीजटंचाई झाली, तेव्हा लोकांनी वीज वाचवण्याच्या मोहिमेला आपणहून हेच नाव दिलं.

१०. शिंजी इतका रडका का आहे? मला तर त्याचा रागच येतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं म्हणणं सविस्तर मांडायला मला आवडेल.

पहिला भाग पुन्हा पाहा. शिंजी नाही म्हणतो. कुठल्याही शहाण्या मुलाने म्हणावं तसं म्हणतो: हे मी कधी पाहिलेलंही नाही, मला कसं जमेल? वडील त्याची समजूत घालत नाहीत, धमकीही देत नाहीत. ते फक्त दुसरीला बोलावतात. स्ट्रेचरवरून रेई, ही दुसरी चालक मुलगी, आणली जाते, बँडेजमध्ये गुंडाळलेली, धड उठून बसता न येणारी. हादऱ्याने ती खाली पडते, शिंजी तिला सावरतो आणि त्याच्या तळहाताला तिचं रक्त लागतं. तो स्वतःशी पुटपुटतो, 'निगेचा दामे दा'. पळायचं नाही. पळायचं नाही. मग तो हो म्हणतो.

त्याला शूर बनवण्यासाठी जखमी मुलगी वापरली गेली, हे त्या खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळतं आणि एकही जण अडवत नाही. राग यायचाच असेल तर तिथे यावा. शिंजी चिडतो, घर सोडून जातो, परत येतो, पुन्हा बसतो. एकूण हिशेब केला तर तो बहुतेक वेळा बसतोच. त्याला नाही म्हणता येत नाही, हे त्याचं दुखणं आहे. तो ठामपणे नकार देतो तेव्हा काय होतं ते १४ व्या प्रश्नात आहे.

*इथून पुढे गुपितं फुटतात.*

११. एव्हा म्हणजे रोबो की आणखी काही?

रोबो नाही. एव्हा जिवंत आहे. बाहेरून दिसतं ते चिलखत म्हणजे खरं तर त्याला आवरून धरणारं बंधन आहे. पहिल्या क्रमांकाच्या एव्हात शिंजीच्या आईचा, युईचा, आत्मा आहे. दुसऱ्यात असुकाच्या आईचा अंश. म्हणून यंत्र त्या मुलांना ओळखतं. चालक ज्या नळीत बसतो ती 'एलसीएल' नावाच्या द्रवाने भरते, आणि मूल त्या द्रवातच श्वास घेतं. गर्भाशयाची आठवण होते ना? ती व्हावी म्हणूनच ते तसं आहे. शिंजीच्या वर्गातली मुलं मुळात चालक म्हणूनच निवडून एकत्र ठेवलेली आहेत, हे कळलं की शाळेतले आधीचे हलकेफुलके प्रसंग पुन्हा पाहवत नाहीत.

१२. क्रूस, आदम, लिलिथ, लाँगिनसचा भाला... हा ख्रिस्ती धर्मावर भाष्य आहे का?

नाही. सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकींनी उघडपणे सांगितलंय की इतर रोबो मालिकांहून वेगळं आणि गूढ दिसावं म्हणून ही चिन्हं घेतली. त्यामागे धार्मिक अर्थ नाही. जपानमध्ये ख्रिस्ती लोक थोडे, तिथे ही चिन्हं परकी आणि देखणी वाटतात. लोक यावर वह्याच्या वह्या भरतात. मला तो वेळ गेन्दोचे पांढरे हातमोजे पाहण्यात जास्त सत्कारणी लागला असं वाटतं. त्याखाली भाजलेले तळवे आहेत. रेईला वाचवताना तापलेलं दार त्याने हातांनी उघडलं होतं. सहाव्या भागाच्या शेवटी शिंजी तेच करतो.

१३. रेई नक्की कोण आहे?

युईच्या शरीरापासून घडवलेली, आणि आत लिलिथ या शितोचा आत्मा. एक रेई मेली की दुसरी उभी करता येते. २३ व्या भागात टाकीत तरंगणाऱ्या, एकसारखं हसणाऱ्या रेई दिसतात. पण ती 'खरी' आहे का, असं कुणी विचारलं की मी सहाव्या भागातलं तिचं हसू दाखवतो. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

१४. तोजी मरतो की जगतो? दोन मित्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

दोघांचंही बरोबर आहे. तोजी हा शिंजीचा वर्गमित्र. मालिकेत (भाग १८) तो पाय गमावतो पण जगतो. सादामोतोंच्या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, मरतो. नव्या चित्रपटात त्या यंत्रात त्याच्या जागी असुका बसते.

प्रसंग तिन्हीकडे एकच: तिसऱ्या क्रमांकाच्या एव्हाचा शितोने ताबा घेतलाय आणि आत एक मूल अडकलंय. शिंजी म्हणतो, मी मारणार नाही, त्यापेक्षा मी मरेन. मालिकेतला हा त्याचा सर्वांत स्पष्ट, सर्वांत धाडसी नकार. वडील काय करतात? त्याच्याकडून नियंत्रण काढून घेतात आणि यंत्राकडून ते काम करून घेतात. तो आतच असतो, हातात काही नसतं, आणि फक्त आवाज ऐकत राहतो. दहाव्या प्रश्नातला शिंजी भित्रा वाटत असेल, तर हा भाग पुन्हा पाहा.

१५. पैसे संपले म्हणून शेवटचे दोन भाग असे झाले का?

वेळ संपला होता, एवढं पक्कं. वेळापत्रक पार कोलमडलं होतं. २५ आणि २६ या भागांत कथा थांबते आणि आपण पात्रांच्या मनात शिरतो: स्थिर चित्रं, कच्ची रेखाटनं, रिकाम्या सभागृहातली एक खुर्ची, आणि शेवटी सगळे शिंजीला टाळ्या वाजवत 'अभिनंदन' म्हणतात.

पण स्थिर चित्र दिसलं की लगेच 'पैसे नव्हते' म्हणू नका. २२ व्या भागात असुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या आहेत. चित्र जवळपास मिनिटभर हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं व्हिडिओ अडकला. मग लिफ्टची टकटक ऐकू आली आणि असुकाने नाक ओढलं. दोन मुली, एक बंद डबा, एकमेकींशी बोलता येत नाही. हलतं चित्र इथे काय जास्त सांगणार होतं?

१६. मानव पूरकता योजना म्हणजे काय? एकदा नीट समजावून सांगा.

ए.टी. फील्ड शितोंकडेच असतं असं आपल्याला आधी वाटतं. नंतर कळतं की ते प्रत्येक माणसाभोवती आहे: मी इथे संपतो आणि तू तिथे सुरू होतोस, ही सीमा. एकटेपणा तिच्यामुळेच आहे, म्हणून झेले या गुप्त मंडळाला ती पुसून सगळ्या माणसांचा एकच जीव करायचा आहे. गेन्दोला तेच हवंय, पण मेलेल्या बायकोला भेटण्यासाठी. चौथ्या भागाच्या नावात साळिंदरांची जी कोंडी येते, जवळ आलं तर काटे टोचतात आणि दूर गेलं तर गारठतात, तिच्यावरचा हा त्यांचा उपाय: साळिंदरंच वितळवून टाकायची.

१७. 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' शेवटच्या भागांची जागा घेतो का? आणि असुकाचं ते शेवटचं वाक्य?

मी दोन्ही खरे मानतो. भाग २५-२६ आतून दिसलेले, चित्रपट बाहेरून. दोन्हीकडे निर्णय एकच: शिंजी एकजीव होणं नाकारतो. दुखणार हे माहीत असून त्याला माणसं वेगवेगळीच हवी आहेत.

चित्रपटात तो लाल समुद्राकाठी जागा होतो. शेजारी असुका. तो तिचा गळा दाबतो, ती हात वर करून त्याचा गाल कुरवाळते, तो कोसळून रडायला लागतो. ती म्हणते, 'किमोची वारुई'. इंग्रजीत कुणी 'किळसवाणं' केलं, कुणी 'मला मळमळतंय'. दोन्ही अर्धं. मराठीत याला तयार शब्द आहेत: 'कसंतरीच होतंय'. शरीराला होणारं आणि समोरच्या माणसामुळे होणारं, दोन्ही त्यात मावतं. एकजीव झालेल्या जगात हे वाक्य कुणी कुणाला म्हणूच शकलं नसतं.

१८. काओरूचं शिंजीवर प्रेम होतं का? २०१९ च्या इंग्रजी भाषांतरात ते का बदललं?

काओरू मालिकेत खऱ्या अर्थाने एकाच भागात येतो, २४ व्या. स्वतः शितो असलेला तो शिंजीला शांतपणे सांगतो की तू मला... आणि शब्द वापरतो 'सुकी'. जुन्या इंग्रजीत प्रेम होतं. नेटफ्लिक्सवर २१ जून २०१९ ला आलेल्या भाषांतरात ते नुसतं पसंतीवर आलं आणि लोक दुखावले. मराठीत वादच होत नाही. 'मला तू आवडतोस.' जपानी शब्दाइतकंच मोकळं, तितकंच धाडसी. संदर्भ पाहिला, तर तो प्रेमच सांगतोय असं माझं ठाम मत आहे.

जपानबाहेर त्या आवृत्तीत शेवटचं 'फ्लाय मी टू द मून' गाणंही काढलं गेलं आणि तिथे पियानो आला. तुमच्या आठवणीत गडबड नाही.

१९. नवे चार चित्रपट म्हणजे तीच गोष्ट पुन्हा की पुढची?

आन्नोंनी २००६ साली स्वतःचा खारा स्टुडिओ काढला आणि तिथे ते केले. पहिला बराचसा जुन्यासारखा, दुसरा वाट सोडतो, तिसरा चौदा वर्षं पुढे उडी मारतो. असुकाचं आडनावही सोऱ्यूचं शिकिनामी होतं, आणि ती खरोखर वेगळी मुलगी आहे. कोविडमुळे दोनदा पुढे ढकललेला चौथा चित्रपट ८ मार्च २०२१ ला आला, दोन तास पस्तीस मिनिटांचा.

त्याच्या पहिल्या तासात, मोठी लढाई चालू नसते तेव्हा, तो सर्वोत्तम आहे. वाचलेल्या माणसांचं एक खेडं. रेईसारखी दिसणारी एक मुलगी, जिला काहीच ठाऊक नाही, तिथल्या बायकांबरोबर भाताच्या लावणीला जाते. चिखलात पाय रुततो, ती मागच्या मागे पडते, उठते आणि पुन्हा वाकून रोप खोचते. कोकणात किंवा मावळात ज्याने एकदा तरी लावणीला पाय बुडवलाय, त्याला तो चिखल पोटऱ्यांपर्यंत जाणवेल. या मुलीला कुणी यंत्रात बसवत नाही. बायका तिला विचारतात, दमलीस का. आणि ती एकेक शब्द शिकते: सकाळी भेटल्यावर काय म्हणायचं, कुणी काही दिलं की काय म्हणायचं, निघताना काय म्हणायचं आणि ते का म्हणायचं.